मूळ खोक्यासह

बेलसरेकाकांकडे तुम्ही पेढे घेऊन गेलात, तर ते पेढा एकच घेतात. खोका मात्र सगळा ठेवून घेतात. उरलेले पेढे तुम्ही रुमालात बांधून न्या, नाहीतर जिन्यात उभं राहून खा, तो तुमचा प्रश्न. माझी मुलगी बारावी पास झाली तेव्हा मी अकरा पेढे ओंजळीत धरून घरी परत आले होते. नवऱ्याने विचारलं, "हे काय?" म्हटलं, "बेलसरेकाकांनी अभिनंदन केलंय."

काका आमच्या समोरच्या दारात राहतात. भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. घरात आलेली वस्तू ज्या खोक्यातून आली, तो खोका त्यांच्याकडे असणारच. मिक्सरचा आहे, इस्त्रीचा आहे, थर्मामीटरचा आहे. फ्रिजचा खोका अकरा वर्षं गॅलरीत उभा होता आणि काकू त्याच्यावर पापड वाळवायच्या. टीव्ही बिघडला तेव्हा काकांनी तो थर्माकोलसकट मूळ खोक्यात घालून दुरुस्तीला नेला. दुकानदार म्हणाला, "अहो, हा तर नवीन आहे!" हे वाक्य काका महिनाभर सगळ्यांना ऐकवत होते. टीव्ही दुरुस्त झाला की नाही, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मोबाईलसुद्धा खोक्यातच ठेवतात. फोन वाजला की आधी झाकण काढायचं, मग आतला कागद बाजूला करायचा. तोवर समोरचा माणूस कंटाळून घरी येऊन गेलेला असतो.

"फाडू नका, सोडवा!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. सोसायटीत कुणाच्या पोराचा वाढदिवस असला की काका भेटवस्तूंशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि नखाने एकेक चिकटपट्टी सोडवायचे. माझ्या लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला एक बाहुली बाहेर यायला अर्धा तास लागला. बाहुली बाहेर आली तेव्हा लेक झोपली होती.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. पण काकांचा खरा जीव अडकलाय तो चाकूंत. दचकू नका, माणूस अत्यंत सज्जन आहे. खिशात मावतील असे घडीचे चाकू ते जमवतात. जर्मन आहेत, जपानी आहेत, आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनी केलेले आहेत. चाळीसेक तरी असतील. त्यांतल्या एकानेही आजवर त्यांच्या घरात काही चिरलेलं नाही. काकू म्हणतात, "घरात चाळीस पाती, आणि लिंबू कापायला मी विळी काढते!"

बरं, खोके जपतात तर चाकू निदान खोक्यात ठेवावेत की नाही? छे! खोक्यात दमट हवा कोंडते, पात्याला गंज चढतो. म्हणून चाकू तेल लावून मऊ कापडात, कपाटात. आणि खोके दिवाणाखालच्या ट्रंकेत, रिकामे. त्या ट्रंकेला कपाटापेक्षा मोठं कुलूप होतं. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, नव्या चाकूचं एक वेळ समजू शकते. पण तुम्ही घेता ते चाकू वापरलेले, उद्या विकलेत तरी वापरलेलेच. मग त्याला खोका असला काय अन् नसला काय?"

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी शाळेत जायच्या घाईत असताना, दारात उभे. हातात अगदी सारखे दोन चाकू, एक खोक्यात, एक उघडा.

"वीणाताई, आपण शिक्षिका आहात. सांगा, कुठला घ्याल?"

मी मुद्दाम उघड्याकडे बोट दाखवलं.

"आपल्या विद्यार्थ्यांची काळजी वाटते मला," ते म्हणाले. मग चाकू मिटून शांतपणे समजावू लागले. "नवी वस्तू स्वतःच बोलते हो. वापरलेल्या वस्तूच्या बाजूने कोणीतरी बोलावं लागतं. ती कुठून आली, खरी की खोटी, हे खोका सांगतो. आईबापांनी पत्रिका जपून ठेवावी, तसं आहे हे. खोका हरवणाऱ्या माणसाला मी माझ्या घराची किल्ली देणार नाही."

हे किल्लीचं वाक्य ते कुठेही आणि कुणालाही ऐकवायचे. पुण्यात अशा चाकूवेड्यांचं एक मंडळ आहे. महिन्यातल्या पहिल्या रविवारी टिळक रस्त्यामागच्या एका छोट्या हॉलमध्ये ही मंडळी जमतात, एकमेकांचे चाकू भिंगातून बघतात आणि एकमेकांना नावं ठेवतात. त्यांचा मोबाईलवर ग्रुपही आहे. तिथे काकांचा शब्द म्हणजे शिक्का. बेलसरे म्हणाले अस्सल, की अस्सल. तीस वर्षांत कोणाची त्यावर शंका घ्यायची टाप नव्हती.

यंदा काकांनी ठरवलं, सत्तरी उलटली, आता एकेक चाकू चांगल्या घरी द्यायचा. पहिला मान त्यांच्या सर्वांत लाडक्या चाकूला मिळाला. कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरने तो त्यांना जाताना दिला होता. शिसवी मूठ, पात्याच्या मुळाशी कोरलेला आकडा, आणि तोच आकडा खोक्याच्या झाकणाच्या आत शाईने लिहिलेला. त्या जर्मनाने चाकू भरपूर वापरलेला होता. धार लावून लावून पातं झिजलेलं होतं, आणि काकांनी ते ग्रुपवर स्वच्छ लिहिलं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, "मूळ खोक्यासह."

ऋग्वेद नावाच्या बाणेरच्या एका आयटीतल्या मुलाने तो लगेच मागितला. येत्या रविवारी हॉलमध्ये देवघेव करायचं ठरलं. सोमवारी काकांनी ट्रंक उघडली. सगळे खोके होते, तो एक नव्हता.

पुढचे दोन दिवस समोरच्या घरातून फक्त वस्तू सरकवल्याचे आवाज येत होते. काकांनी दिवाण उलटा केला, माळा उतरवला, शेवटी पिठाचे डबेसुद्धा बघितले. मग खोटं बोलणं जमत नसल्यामुळे त्यांनी ग्रुपवर लिहून टाकलं की खोका सापडत नाही. तिथे काहूर उठलं. ऋग्वेदने लिहिलं, "काका, नो ऑफेन्स, पण बॉक्सशिवाय मी ट्रस्ट कसा करू? फोटोतलं ब्लेड बघून वाटतंय की ते रिप्लेस केलंय." मंडळात पठारे म्हणून एक जुने व्यापारी आहेत. काकांमुळे त्यांचे दोन-तीन खोटे चाकू पूर्वी उघडे पडले होते. त्यांना आयतीच संधी मिळाली. त्यांनी लिहिलं, "खोका नाही म्हणजे पातं मूळचं नाही. काहींनी इतरांना किल्ली नाकारण्याआधी स्वतःचं कुलूप तपासावं. रविवारी सर्वांसमोर खुलासा व्हावा."

काकांनी जेवण सोडलं. रविवारी जाणार नाही, मंडळही सोडतो, असं काकूंना म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी काकू माझ्या दारात. चेहरा पांढराफटक.

"वीणा, मी घात केला गं."

"काय झालं?"

"तो खोका मीच दिला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. वाणात!"

मी त्यांना खुर्चीत बसवलं. झालं होतं असं. काकूंनी यंदा वाणाला कुंकवाचे करंडे आणले होते, छोट्या कापडी पिशव्यांत घालून. पिशव्या संपल्या आणि अगदी शेवटी एक जण टपकली. उघडा करंडा तिच्या हातात कसा ठेवायचा? काका बँकेत गेले होते, ट्रंकेची किल्ली खुंटीला होती. काकूंनी ट्रंकेतला वरचा खोका काढला, त्यात करंडा घातला आणि दिला लुटून.

"रिकामा होता गं तो! एवढ्या खोक्यांतून एक गेला तर कळतंय काय, असं वाटलं मला. आता होळी आली तोंडावर. आणि हे कालपासून माझ्यासमोर उपाशी बसलेत, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. माझ्यामुळे ठेवलं." एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या.

आता रडणाऱ्या माणसाला धीर द्यावा, ही रीत. पण मी मुळात शिक्षिका. म्हटलं, "काकू, डोळे पुसा आणि हजेरी घ्या. शेवटी कोण आलं होतं?"

"आठवत नाही गं. चाळीस बायका होत्या."

"बरं, सोसायटीत कायम उशिरा कोण येतं?"

काकूंनी पदर खाली घेतला. "सुमेधा!"

सी विंगमधली सुमेधा. मगरपट्ट्याच्या ऑफिसातून सुटून घरी पोचेपर्यंत दुसऱ्यांची जेवणं झालेली असतात. रात्री ती आल्याबरोबर आम्ही दोघी तडक तिच्याकडे.

"अय्या, तो बॉक्स? किती क्यूट होता!" सुमेधा म्हणाली. "करंडा आहे माझ्याकडे. बॉक्स आमच्या आईंना आवडला, त्या गावी घेऊन गेल्या. का हो, काय झालं?"

"काही नाही, काही नाही," आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

शुक्रवारी मी शाळेत चक्क रजा टाकली. गणिताचे दोन तास बुडाले, मुलांनी मला दुवा दिला असेल. काकांना "देवीला जाऊन येतो" असं सांगून काकू आणि मी स्वारगेटहून खडकवासल्याची बस धरली. सुमेधाच्या सासूबाई, ताराबाई, त्या रस्त्यावरच्या गावात राहतात. गाव म्हणायचं आपलं, आता महापालिकेतच आहे. चहूकडे वीस-वीस मजल्यांच्या इमारती आणि मधे ह्यांचं बैठं घर. जमीन बिल्डरला गेली, पण मागचा परसाएवढा तुकडा ताराबाईंनी कोणाला दिला नव्हता. तिथे त्या मेथी-कोथिंबीर लावतात.

ताराबाईंनी आधी पाणी दिलं, मग चहा दिला, मग विचारलं. काकूंनी अडखळत खोक्याचं सांगितलं.

"हाय की खोका," ताराबाई म्हणाल्या. आत गेल्या आणि घेऊन आल्या. तोच होता! निळा पुठ्ठा, वर जर्मन अक्षरं. काकूंचा हात पुढे झाला. ताराबाईंनी खोका मागे घेतला.

"दाखवला. देनार न्हाई. माजं पेरायचं धन्याचं बियानं हाय त्यात."

मी पिशवीतून नवा कोरा स्टीलचा डबा काढला. तयारीनिशी गेले होते मी. ताराबाईंनी डबा उलटासुलटा करून बघितला आणि मला परत दिला.

"ह्याला कसला तरी तेलाचा वास हाय बघा. मुंगी फिरकत न्हाई. तुमच्या डब्याला फिरकंल." मग त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं. "एवढं दोघी जणी बस धरून आलाय, ते ह्या पुठ्ठ्यापायी? काय हाय काय त्यात?"

मी आकडा, पातं, मंडळ वगैरे सांगायला तोंड उघडलं. त्याआधी काकूच बोलल्या.

"ह्यांचं नाव अडकलंय हो त्यात. लोक त्यांना खोटं म्हणतायत."

ताराबाईंनी एका क्षणात पदर पसरला आणि सगळे धने त्यात ओतले. खोका दोनदा उलटा करून झटकला, फुंकर मारली आणि काकूंच्या हातात दिला.

"मालकाचं नाव हाय व्हय? मग आधी न्हाई का सांगायचं, बाई! म्या उगा डब्याचा भाव करत बसले." वर दोन मेथीच्या जुड्या दिल्या. स्टीलचा डबाही ठेवून घेतला म्हणा, पण तो मीच आग्रह करून दिला.

बसमध्ये मी झाकणाच्या आत बघितलं. आकडा जसाच्या तसा होता. मला इतका आनंद झाला, की मी कंडक्टरला म्हटलं, "सुट्टे राहू द्या." पुण्यात हे वाक्य त्याने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

पण खरी परीक्षा घरी होती. काकूंनी मला सोबत नेलं. काका खुर्चीत बसले होते. काकूंनी खोका त्यांच्या मांडीवर ठेवला आणि संक्रांतीपासून ताराबाईंपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. मी दाराशी उभी राहून वाट बघत होते, की आता स्फोट होणार. पेढ्याचा खोका चुरगळला म्हणून मला पंधरा मिनिटं ऐकवणारा माणूस हा!

काकांनी झाकण उघडलं. आकडा बघितला. आतल्या मखमलीत अडकलेला एक धना नखाने अलगद काढला. "आहे," म्हणाले. मग झाकण पुन्हा नीट बसवलं. शेवटी म्हणाले, "मेथी आणलीस ना? कर आज. भूक लागली आहे."

रविवारी काकूंनी नवी साडी नेसली. तीस वर्षांत त्या हॉलची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. "आज मी येणार," म्हणाल्या, "आणि वीणाही येणार." आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. काकांनी मंडळींना सांगितलं, "ह्या आमच्या सौभाग्यवती. ह्या आमच्या शेजारी वीणाताई. शिक्षिका असूनही चांगल्या आहेत."

पठारे पुढे बसले होते, हातात भिंग घेऊन. चेहऱ्यावर असा भाव, की जणू निकाल आधीच लिहून आणलाय. "हं बेलसरे, खुलासा करताय ना?"

काकांनी आधी चाकू टेबलावर ठेवला. मग पिशवीतून निळा खोका काढून शेजारी ठेवला. हॉलमध्ये कुजबूज झाली.

"आजकाल रिकामे खोकेसुद्धा विकत मिळतात," पठारे घाईघाईने म्हणाले.

"मिळतात," काका म्हणाले. "म्हणूनच तुम्ही झाकणातला आकडा वाचा. ऋग्वेद, तू पात्यावरचा वाच. मोठ्याने. मागे ऐकू गेलं पाहिजे."

पठारे एकेक अंक वाचू लागले आणि त्यांच्यामागून ऋग्वेद. पहिला जुळला, दुसरा जुळला. तिसऱ्याला पठाऱ्यांचा आवाज खाली आला. "मोठ्याने हो!" मीच ओरडले, वर्गात ओरडते तशी. सहाच्या सहा अंक जुळले आणि अख्ख्या हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. एक म्हातारे गृहस्थ तर उठून उभे राहिले. मला शिट्टी वाजवता येत नाही, ह्याचं आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

"सॉरी काका, रिअली सॉरी," ऋग्वेद म्हणाला. मग त्याने खोका नाकाशी नेला. "काका, पण ह्याला धन्याचा वास येतोय?"

"येतोय. ह्या वासाचे पैसे वेगळे लावत नाही."

पठारे उठले, दोन्ही हात जोडले. "बेलसरे, चूक झाली. माफ करा." माणूस वाईट नाही, एवढं म्हटलं पाहिजे. पण जाता जाता त्याच्या तोंडून प्रश्न निघालाच. "एक विचारू? ज्याच्या घरातून साधी काडेपेटी हलत नाही, त्याचा हा खोका गेला होता कुठे?"

सगळे काकांकडे बघू लागले. शेजारी काकूंनी माझा हात गच्च धरला. घराच्या किल्लीचं ते वाक्य त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं.

काका ताठ उभे राहिले. "माझ्या हातून हरवला होता," ते म्हणाले. "वेंधळेपणा झाला. ह्या दोघींनी शोधून दिला."

हॉलमध्ये हशा पिकला. "बेलसरे, किल्ली द्या इकडे!" कोणीतरी ओरडलं. काकाही हसले. मग त्यांनी चाकूला तेलाचं शेवटचं बोट लावलं, खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी ऋग्वेदला दिला, सासरी पाठवणी करावी तसा. "खोका फाडू नकोस," म्हणाले, आणि झटकन वळले.

परतताना एकाच रिक्षात तिघं कसेबसे बसलो. मी मधे अंग चोरून. सारसबाग मागे पडली. मग काकूंनी माझ्यावरून वाकून विचारलं, "तीस वर्षं ज्या लोकांसमोर ताठ मानेनं वावरलात, त्यांच्यासमोर स्वतःला वेंधळं म्हणवून घेतलंत. खरं सांगून टाकायचं होतंत की. मी काही मेले नसते."

काका बाहेर बघत होते.

"अगं, ते मला तीस वर्षं ओळखतात. तुला आज पहिल्यांदा बघत होते," ते म्हणाले. "पहिल्याच भेटीत तुझी चूक सांगू होय मी त्यांना?"

काकूंनी पदर सावरला. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "वीणा, तू जरा माझ्या जागी, ह्या कडेला बसतेस का?" रिक्षावाल्याने सिग्नलला रिक्षा थांबवली आणि आम्ही दोघींनी उतरून जागा बदलली.